गुरुवारचं घर

पंचवटी, नाशिक
बुधवार, ७ ऑगस्ट १९९६

जीवन,

आशीर्वाद नंतर, आधी बातमी. तुझी निकिता माझ्याकडे आहे. धडधाकट आहे, आणि आत्ता समोर बसून तिसरी भाकरी खाते आहे. तुझ्या दाजींनी तुमच्या शेजारच्या किराणावाल्याला फोन करून निरोप दिला आहे, पण तो माणूस निम्मं विसरतो म्हणून हे लिहिते. निकीच्या आईला सांग, रडू नको म्हणावं.

नऊ वर्षांनी तुला पत्र लिहिते आहे. आप्पांच्या दहाव्याला रामकुंडावर तू म्हणालास, "ताई, आजपासून तू तुझ्या घरी, मी माझ्या." मीही म्हटलं, बरं. आपण दोघंही आप्पांचीच लेकरं. शब्द मागे घ्यायचा म्हणजे आपल्या जिवावर येतं.

सकाळी मी फुलांच्या टोपल्या उतरवत होते. समोर शाळेच्या गणवेशात एक उंच पोर उभी. मी विचारलं, "हार पाहिजे का गं?" ती म्हणाली, "आत्या, मी जीवनची निकी." शेवटची पाहिली तेव्हा सहा वर्षांची होती. नाक तुझंच. रागावल्यावर फुगतं ते सुद्धा.

दुपारपर्यंत सगळं कळलं. पोर मे महिन्यात नववी नापास झाली, घरी पास म्हणून सांगितलं, आणि जूनपासून रोज दप्तर घेऊन मालेगावच्या एसटी स्टँडवर बसली. शाळा सुटायच्या वेळेला घरी. दोन महिने! आणि तुला कळलं ते कसं, तर तिचे गुरुजी पंक्चर काढायला तुझ्याच दुकानात आले आणि म्हणाले, निकिता आजारी आहे का, वर्गात दिसत नाही. मग तू गिऱ्हाइकांसमोर तिला सायकलच्या ट्यूबने मारलंस. दंडावर वळ आहेत. मी हळद लावली.

त्यानंतर तिने काय केलं तेही सांगितलं तिने. काल रात्री तू जेवायला गेल्यावर दुकानातल्या बावीसच्या बावीस सायकलींची हवा सोडली आणि पहाटे नाशिकची गाडी पकडली. जीवन, मी हसायला नको होतं. पण तुझे दाजी, जे वर्षातून दोनदा हसतात, ते सुद्धा पाठ करून हसत होते.

तिने मला शपथ घातली आहे की पप्पांना काही कळवायचं नाही. मी घेतली, आणि तासाभरात मोडते आहे. तू लगेच येऊ नकोस. तुझा हात अजून गरम असेल.

तुझी ताई,
छाया


मंगळवार, २० ऑगस्ट १९९६

जीवन,

तुझं कार्ड मिळालं. एवढं मोठं कार्ड आणि तीन वाक्यं. "तिचं तोंड बघायचं नाही. येवल्याचं स्थळ आलं आहे. तुळशीचं लग्न लागलं की तिचं उरकून टाकतो."

उरकून टाकायला ती काय धुणं-भांडी आहे? पंधरा वर्षांची आहे ती. मी तुला विचारत नाही, सांगते आहे, की हे होऊ द्यायची नाही मी. तुळशीच्या लग्नाला तीन महिने आहेत. तेवढ्यात ती शाळेत नीट बसायला लागली तर तुला येवल्याला नाही म्हणावं लागेल. तुझ्या जिवाला जरा तरी लाज आहे, हे मला माहीत आहे.

आता खरं सांगते, म्हणजे तू म्हणायला नको की ताईने लपवलं. पहिले चार दिवस गुणाचे गेले. पाचव्या दिवशी तिने विकायला काढलेली शेवंतीची अख्खी टोपली गटारात ओतली, कारण मी म्हटलं होतं, "आता पुढे काय ठरवलंस?" एवढंच. दाजींना म्हणाली, "तुम्ही कोण मला सांगणार?" त्यांनी तर तोंडही उघडलं नव्हतं! आठव्या दिवशी माझा हात उचलला गेला. तो तसाच खाली घेतला आणि मागच्या दारी जाऊन रडले. मला वाटलं, एका घराला ही पोर झेपायची नाही.

आमच्या गल्लीत गोटीराम सर आहेत. निवृत्त मास्तर, एकटेच राहतात. मूळचे सायखेड्याचे. त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मग एका घराला कशाला झेपवताय? वार लावा."

तुला माहीत आहे ना, पूर्वी गरिबाची मुलं शिकायला नाशिकला येत आणि सात वारी सात घरी जेवत. सर तसेच शिकलेले. म्हणाले, "छायाबाई, मला सात घरांनी वाढवलं. कुठल्याच घराला माझा कंटाळा आला नाही, कारण मी आठवड्यातून एकदाच जायचो." आणि मग एक अट सांगितली. ज्या घरी वार असेल त्या घराने विचारायचं नाही, फक्त वाढायचं. अभ्यास केला का, बापाला काय वाटत असेल, पुढे काय, काही नाही. तिने आपणहून सांगितलं तर ऐकायचं.

तर निकीचे वार लागले आहेत. सोमवारी गोटीराम सर. मंगळवारी भाजीवाली भागीबाई. बुधवारी पुंजा बँडवाल्याच्या घरी, तो क्लॅरिनेट वाजवतो. शुक्रवारी शुभांगी, दवाखान्यात नर्स आहे, लुना चालवते आणि कोणाचं ऐकत नाही. शनिवार, रविवार माझ्याकडे. गुरुवार कोपऱ्यावरच्या लंकाबाईने घेतला होता, पण आयत्या वेळी म्हणाली, "माझ्या घरात वयात आलेला पोरगा आहे, असली पोरगी नको." निकीने ते ऐकलं.

मी म्हटलं, गुरुवारी पण माझ्याकडेच जेव. तर म्हणे, "तुझे शनिवार-रविवार. गुरुवार त्यांचा होता, त्यांनी नाही म्हटलं. राहू दे रिकामा." आणि गेल्या गुरुवारी उपाशी बसली. नुसता चहा. कुणाचा हट्ट हा? मी नाव घेत नाही.

सरांनी इथल्या शाळेत शब्द टाकून तिला पुन्हा नववीत बसवलं आहे. पण मालेगावच्या शाळेचा दाखला लागेल. दिवाळीपर्यंत चालेल, नंतर नाव काढतील असं हेडमास्तर म्हणाले. दाखला तुझ्याच सहीने मिळतो. पाठव.

छाया


शुक्रवार, १३ सप्टेंबर १९९६

जीवन,

दाखला आला नाही. ठीक आहे. मी लिहीतच राहणार, तू फाडत राहा.

आज तुला हसवायचं आहे. निकी गुरुवारी जेवत नाही, हे हळूहळू गल्लीत कळलं. का जेवत नाही हे कोणाला माहीत? मग भागीबाईने ठरवलं की पोर दत्ताचे गुरुवार करते आहे. एवढ्याशा वयात, आई-बापापासून लांब, केवढी श्रद्धा! तिने सगळीकडे सांगितलं. पुढच्या गुरुवारी साबुदाण्याच्या खिचडीची तीन ताटं आली. एकावर शेंगदाण्याची आमटी. आणि चौथं ताट कोणाचं म्हणतोस? लंकाबाईचं! स्वतः घेऊन आली, आणि दारातून निकीकडे बघून हात जोडले.

मी आत तोंडात पदर कोंबून उभी. निकीने एक क्षण विचार केला आणि चारही ताटं घेतली. मी नंतर म्हटलं, "आता गं? रिकामा वार ना तुझा?" म्हणे, "आत्या, हे जेवण नाही, प्रसाद आहे." दाजींना सुद्धा त्या दिवशी जेवायला खिचडीच मिळाली.

आता दुसरी गोष्ट. ही लिहावी की नाही, दोन दिवस विचार केला. या मंगळवारी निकी शाळेत गेली नाही. दुपारी भागीबाईकडे जेवायलाही गेली नाही. मी गल्लीत हाका मारल्या. पुंजा बँडच्या कपड्यातच सायकल घेऊन निघाला, शुभांगी लुनावर, दाजी घाटाकडे. भागीबाईला ती सापडली. सीबीएसच्या एसटी स्टँडवर, मालेगावच्या फलाटासमोर, बाकावर, दप्तर मांडीवर.

आता भागीबाईची जीभ तुला ठाऊक नाही. ती भाव करणाऱ्या गिऱ्हाइकाच्या सात पिढ्या काढते. मला वाटलं, आता फलाटावर तमाशा. पण ती गेली, शेजारी बसली, पिशवीतून वालाच्या शेंगा काढल्या आणि सोलायला लागली. एक शब्द नाही. दोन तास! मालेगावच्या चार गाड्या गेल्या. शेवटी निकीनेच मूठभर शेंगा घेतल्या आणि सोलायला लागली. मग म्हणाली, "गणिताच्या बाईंनी फळ्यासमोर उभं केलं. मला येत नव्हतं. सगळे हसले."

भागीबाई म्हणाली, "मला तर आकडंबी वळखू येत नाय बाई. पर मला कोन फसवून दाखवू दे! चल, वाल लय झालं, उसळ करू."

घरी येऊन भागीबाईने मला सगळं सांगितलं आणि वर म्हणाली, "दोन तास गप बसले गं छाया. माझा घसाच दुखाया लागला."

काल सोमवार नसतानाही निकी सरांकडे गेली आणि म्हणाली, नववीचं नाही, मला सहावीचं गणित शिकवा, तिथपासून गेलं आहे. जीवन, ती नापास का झाली हे तिला आपणहून कळलं आहे. ट्यूबच्या मारानं कळलं नव्हतं.

छाया


शनिवार, ५ ऑक्टोबर १९९६

जीवन,

काल एसटीच्या टपावरून सायकल उतरली. निकीची, निळी. हमालाने आणून दारात लावली. बरोबर ना चिठ्ठी, ना निरोप. कॅरिअरला प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला दाखला.

निकी शाळेतून आली आणि दारातच थबकली. आधी ब्रेक दाबून पाहिले. नवे रबर. घंटी वाजवली. मग खाली बसून दोन्ही टायर अंगठ्याने दाबले. बराच वेळ दाबत होती. मग म्हणाली, "आत्या, हवा एकदम टाइट आहे."

बावीस सायकलींची हवा सोडून गेलेल्या पोरीला तू हवा भरून सायकल पाठवलीस. मी तुला काय बोलू? नऊ वर्षांत पहिल्यांदा तुझे गालगुच्चे घ्यावेसे वाटले.

पण पोर हुशार. तिने पुढचा हिशेब लगेच मांडला. दाखला लागतो हे पप्पांना कसं कळलं? माझ्याकडे वळली आणि तिचं नाक फुगलं. "तू पत्रं लिहितेस. शपथ घेतली होतीस. तू पण पत्ता दिलास माझा!"

जीवन, "पत्ता दिलास" हे ऐकलं आणि मला नऊ वर्षांपूर्वीचा घाट आठवला. हेच शब्द तू रामकुंडावर म्हणाला होतास. मग मी तिला बसवून सगळं सांगितलं. आता तुलाही सांगते, कारण त्या दिवशी तू ऐकून घ्यायला थांबला नाहीस आणि मी बोलले नाही.

तू सोळा वर्षांचा होतास. नापास होऊन सायखेड्याला मित्राकडे पळालास. फक्त मला सांगून गेलास. आप्पांनी मला विचारलं आणि मी सांगितलं. मला वाटलं होतं, समजावून आणतील. त्यांनी तुझ्या हाताला दोरी बांधून आणलं आणि सकाळभर फुलबाजारात हातगाडीला बांधून उभं केलं. सगळा बाजार बघत होता. आणि जीवन, तू म्हणतोस मी पत्ता दिला. त्याहून वाईट मी केलं आहे. माझ्या पदराखाली तुझ्यासाठी भाकरी होती. ऊन ऊन, आत मिरचीचा ठेचा. दुपारपर्यंत मी ती पदराखाली धरून उभी होते आणि आप्पांच्या भीतीने दिली नाही. तू माझ्याकडे बघत होतास. मी ती भाकरी शेवटी गाईला घातली. चुकलं माझं. पंचवीस वर्षं झाली, रोज चुकलं आहे.

निकीने सगळं ऐकलं. मग विचारलं, "पप्पांना बांधलं होतं?" तुझ्याबद्दल तिला हे काहीच माहीत नव्हतं. तू तिला कधी सांगितलंच नाहीस की तूही नापास झाला होतास?

हे पत्र पोस्टात टाकायला मी तिलाच देते आहे. आता लपवायचं कशाला?

छाया

ता. क. पप्पा, मी निकी. मी पत्र उघडून वाचलं, आत्याला माहीत आहे. आत्या सगळं खरं लिहिते पण एक सांगत नाही, ती तुमची पत्रं येतात का बघायला रोज पोस्टमनला चहा पाजते. सायकलच्या मागच्या ब्रेकची तार थोडी सैल होती, मी आवळली. सहामाहीत गणितात एकोणचाळीस मिळाले. पास आहे. खरं पास. बाई सांगतील.


शनिवार, २६ ऑक्टोबर १९९६

जीवन,

दसऱ्याला झेंडूने कंबर मोडली. निकीने आणि पुंजाच्या मुलींनी दोनशे तोरणं ओवली. तिने ओवलेली जरा वाकडी होती, तीच आधी खपली, कारण विकत होती भागीबाई.

तुझं उत्तर नाही. येवल्याचं काय ते कळलं नाही. तुळशीचं लग्न महिन्यावर आलं आहे. निकीला आता ते सगळं माहीत आहे. मला विचारत नाही, पण रोज संध्याकाळी कॅलेंडरसमोर उभी राहते.

म्हणून सरळ लिहिते. भांडून तुला जिंकता येत नाही हे मला लहानपणापासून माहीत आहे. तुला कामाला लावलं तर तू करतोस. तर तुझ्यासाठी काम आहे. गुरुवार रिकामा आहे. अकरा आठवडे रिकामा आहे. लंकाबाई आता घ्यायला तयार आहे, हात जोडून मागते आहे. पण निकी कोणालाच देत नाही. परवा मी म्हटलं, "अगं मग ठेवलायस कोणासाठी?" तर उठून बाहेर गेली आणि सायकल पुसत बसली. रविवारीच पुसली होती.

अट तुला माहीत आहे. विचारायचं नाही, वाढायचं. येवला काढायचा नाही. जमत असेल तर ये. जमत नसेल तर येऊ नकोस, कारण ती वाट बघते आहे, पण मी तुला बोलावलं हे तिला कळू दिलेलं नाही.

छाया


शुक्रवार, ८ नोव्हेंबर १९९६

जीवन,

काल तू इथेच होतास, तरी लिहिते आहे. कारण तुझी मान सगळा वेळ खाली होती आणि तुला निम्मं दिसलंच नाही.

तू दारात आलास, हातात चार पुडांचा डबा. निकी शाळेतून येऊन ओट्यावर बसली होती. तू चपला काढल्यास आणि कोणाकडे न बघता म्हणालास, "गुरुवारचं घर मालेगावला आहे. लांब पडतं. म्हणून घरच घेऊन आलो." एवढं वाक्य तू गाडीत तीन तास घोकलं असणार. मला कळलं.

निकीने पाट मांडला. तू डबा उघडलास. मेथीची भाजी, वरण, भात, बाजरीची भाकरी, वर लोणी. आणि नेमकी तेव्हाच सगळी गल्ली खिचडी घेऊन आली. तू खाली बघत होतास, मी बघत होते. पुढे लंकाबाई, मागे भागीबाई. निकीच्या हातात भाकरीचा तुकडा बघून भागीबाई किंचाळली, "अगं आज बेस्तरवार! तुझा उपास हाय ना! मोडला की गं बाई!"

निकी म्हणाली, "मावशी, उपास कधीच नव्हता. वार रिकामा होता. आता लागला." आणि घास तोंडात घातला.

लंकाबाईचं तोंड तू बघायला हवं होतंस. एवढे गुरुवार हात जोडले ते कुठे गेले, असं. मग तिलाच पहिल्यांदा हसू फुटलं. मग भागीबाईला. पुंजा घरातून क्लॅरिनेट घेऊन धावत आला, काय झालं न विचारता वरातीची चाल वाजवायला लागला. गोटीराम सर तेवढे कोपऱ्यात उभे राहून चष्मा पुसत होते. पुसून झाला तरी पुसत होते.

आणि तू त्या सगळ्या गोंधळात वरणाची वाटी पुढे करून विचारलंस, "अजून वाढू?"

तीन महिन्यांनी लेकीशी बोललेला तुझा पहिला शब्द. आणि तो सुद्धा प्रश्न होता, पण सर म्हणाले, हा चालतो. तुला वाटलं ती नुसती मान हलवते आहे. ती रडत होती, आणि भाकरी मात्र सोडत नव्हती. दोन खाल्ल्या. नंतर तू तिच्या सायकलची मागची तार बघितलीस आणि म्हणालास, "बरोबर आवळली आहे." तू गेल्यावर तिने हे मला तीनदा सांगितलं. मी तिथेच उभी होते, तरी.

तू निघताना दाजींना हळूच विचारलंस, "हिची दहावी होईपर्यंत किती गुरुवार येतात?" ते कमी बोलतात, पण मोजतात बरोबर. पुढचं कॅलेंडर अजून आलं नाही, म्हणून बोटांवर मोजले. एकोणसत्तर. येवल्याबद्दल मी तुला काही विचारलं नाही आणि आता विचारण्याची गरजही नाही. निकी अंथरुणावर पडल्या पडल्या "एकोणसत्तर" म्हणत झोपली.

आता माझं. तू गेलास, मी डबा घासायला घेतला, आणि तेव्हा लक्षात आलं. डब्यातलं सगळं तिला वाढलंस. भाकऱ्या दोनच होत्या. तू जेवलाच नाहीस. खिचडीची पाच ताटं गल्लीत होती आणि आनंदाच्या भरात तुला कोणी विचारलं नाही, मी सुद्धा नाही. माझ्या समोरून तू पुन्हा उपाशी गेलास.

तेव्हा नीट ऐक. निकीचं जेवण तू आण, तो तुझा वार. पण तुझा गुरुवार आजपासून माझ्याकडे. एकोणसत्तरच्या एकोणसत्तर. ऊन भाकरी, आत मिरचीचा ठेचा. मी काही विचारणार नाही, जीवन. मी फक्त वाढीन.

तुझी,
ताई